खाँसाहेबांचा एवढा पुळका कशाला? ‘कट्यार’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात, फोंड्याकडच्या अंत्रुज महालात आमचा एक छोटासा ग्रुप आहे. पावसाळ्यात जत्रा-बित्रा नसतात तेव्हा कुणाच्या तरी घरी जमायचं, एक संगीत नाटक घ्यायचं, वाचायचं, मध्ये मध्ये पदं म्हणायची आणि भाजीपाव खाऊन घरी जायचं, एवढंच. ह्या वर्षी ‘कट्यार काळजात घुसली’ घेतलं आणि दर वेळी वाचन संपलं की भांडण एकाच मुद्द्यावर, ते म्हणजे खाँसाहेबाची कीव करायची की नाही. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून एकदाच लिहून काढते, म्हणजे पुढच्या वेळी भाजीपाव तरी गरम खाता येईल.

खाँसाहेब कोण? मी नाटकही बघितलं नाही आणि सिनेमाही.

मग आधी पदं तरी ऐका, बाकीचं नंतर वाचा. थोडक्यात सांगायचं तर विश्रामपूर नावाचं संस्थान आहे, तिथे गाण्याची स्पर्धा होते, जिंकेल तो राजगायक, त्याला राहायला हवेली मिळते आणि एक कट्यार मिळते जिच्यावर एक खून माफ असतो. पंडित भानुशंकर दर वर्षी जिंकतात आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले दर वर्षी हरतात, मग एका वर्षी पंडितजींचा आवाज जातो, खाँसाहेब जिंकतात, पंडितजी गाव सोडतात. त्यानंतर पंडितजींकडे शिकायला आलेला सदाशिव नावाचा पोरगा त्याच हवेलीत नोकर बनून घुसतो आणि लपून लपून खाँसाहेबांचं गाणं उचलायला लागतो. नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, साल १९६७, संगीत जितेंद्र अभिषेकींचं आणि पहिले खाँसाहेब वसंतराव देशपांडे.

सरळ सांगा, सहानुभूती द्यायची की नाही?

कट्यार हातात येईपर्यंत द्यायची, पूर्ण द्यायची, हात आखडता घ्यायचा नाही. कट्यार मिळाल्यावर तो जे करतो त्याचा हिशोब वेगळा मांडायचा. लोक दोन्ही एकत्र कालवतात आणि मग एक पार्टी म्हणते बिचारा, दुसरी म्हणते माजलेला.

हरणारे खूप असतात हो. ह्याच्याच हरण्यात एवढं काय आहे?

हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाने घरात हरलेला गवई बघितलेला नसतो, असं माझं मत आहे. मी बघितलाय.

आमच्या गावच्या जत्रेला देवळाच्या मांडावर नाटक होतं, संगीतच, रात्री उशिरा नांदी आणि भैरवीपर्यंत पहाट, गावचेच लोक काम करतात, पैसे मिळायचे सोडा, खिशातले घालतात. माझे एक मामा ‘मानापमान’मधला नायक धैर्यधर करायचे. वीस-बावीस वर्षं तेच. दुसऱ्या कुणी धैर्यधर करायचा विचारसुद्धा केला नव्हता. मामा काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, चांगल्या उंच सुरात गायचे (आकडा खाली आला की सूर खाली आला) आणि ते सांगायची एक पद्धत होती त्यांची, कुणी विचारलेलं नसलं तरी सांगायचे, पेटीवाल्याकडे न बघता समोर बघत म्हणायचे “काळी चार”, जसं काही बँकेतला खाते नंबर सांगतायत. ‘रवि मी’ हे धैर्यधराचं पद सुरू झालं की मागच्या रांगेत झोपलेली पोरं उठून बसायची.

मग पन्नाशीनंतर वरचा सा लागेना. आधी काळी तीन झाली, तेव्हा सांगितलं की सर्दी आहे. सर्दी दोन वर्षं टिकली. तिसऱ्या वर्षी तालमीला गेले तर कमिटीने एक पंचविशीतला पोरगा धैर्यधरासाठी बोलावून ठेवला होता, गोरागोमटा, क्लासला जाणारा, तंबोऱ्याचं ॲप मोबाईलवर लावून गाणारा, आणि मामांना म्हणाले की तुम्ही लक्ष्मीधर करा. ज्यांना नाटक माहीत नाही त्यांच्यासाठी, लक्ष्मीधर म्हणजे पैसेवाला भित्रा येडपट, लोकांनी हसायचं असतं त्याला. नीट विचार करा, ज्या माणसाला वीस वर्षं वन्समोअर मिळाला त्याला त्याच मांडावर, त्याच माणसांसमोर, त्या पोराच्या धैर्यधराला घाबरून पळायचंय. कमिटीचं चुकलं असंही म्हणता येत नाही, पोरगा खरंच चांगला गात होता. पण सांगायची काही रीत असते. मामांनी काय केलं तर “बघतो” म्हणाले, घरी आले, शाल घडी करून ठेवली आणि जत्रेच्या रात्री तब्येत बरी नाही म्हणून झोपले. म्हणजे आम्हाला वाटलं झोपले. मी रात्री दोनच्या सुमाराला पाणी आणायला देवळामागे गेले तर मामा दीपमाळेच्या मागे अंधारात उभे, एक हात दगडावर आणि बोटं ताल देतायत. मला बघून म्हणाले, “पळय, थंय पडलो.” सूर कुठे पडला ते दाखवत होते. आणि सूर खरंच पडला होता.

तर खाँसाहेब म्हणजे हेच, पण दर वर्षी आणि राजासमोर. गाणं आपल्यात आहे हे माहीत आहे, समोरच्यात पण आहे हे सुद्धा माहीत आहे, कारण तुम्हाला चांगला कान आहे आणि तोच कान तुम्हाला सुखाने हरू देत नाही. बेसूर माणूस हरला तर घरी जाऊन जेवतो.

पण शेंदराचं काय? दुसऱ्याचा आवाज घालवून जिंकला ना?

शेंदूर पोटात गेला की आवाज जातो म्हणतात, तो पंडितजींना त्याच्या बायकोने खाऊ घातला, त्याने नाही. स्पर्धेच्या आधी त्याला ठाऊकही नव्हतं. पण माझी बायकोबद्दलची तक्रार उलटी आहे, तिला कुणीच विचारत नाही. वर्षानुवर्षं हरलेल्या गवयाचं घर चालवणं म्हणजे काय असतं, चूल तिची, कर्ज मागायला जाणारी ती, रियाझाच्या वेळी पोरांना गप्प बसवणारी ती, आणि हरून आल्यावर त्याचा संताप झेलणारी पण तीच. तिने केलं ते पाप आहे, त्यात वाद नाही. फक्त आपण नवऱ्याची कीव करताना दीड तास खर्च करतो आणि तिच्या वाट्याला दीड मिनिट.

आणि हे पण धरा की त्याचा विजय तिथेच नासला. त्याला पंडितजींना गाण्यात हरवायचं होतं. ते कधी झालंच नाही.

त्याला फक्त तानबाजी येते, भाव नाही, असं आमचे गुरुजी म्हणतात. खरं का?

गुरुजींना माझा नमस्कार सांगा, पण अर्धवट खरं आहे. ‘घेई छंद मकरंद’ दोन्ही चालींमध्ये ऐका, लागोपाठ. शब्द तेच. पंडितजींची चाल सालगवराळी रागातली, शांत, भुंगा खरंच कमळावर बसायला आलाय, घाई नाही, पाकळी दुखू नये म्हणून जपून. खाँसाहेबांची धानी रागातली आणि द्रुत, तिथे भुंगा बसतच नाही, वरून घिरट्या घालतोय, आत्ता बसेल असं वाटतं तोवर तान घेऊन पलीकडे. पहिल्यांदा ऐकणारा म्हणतो वा काय तयारी आहे. पाचव्यांदा ऐकताना मला असं वाटायला लागलं की ह्या माणसाला बसायची भीती वाटते, म्हणजे थांबला तर लोक दुसऱ्याकडे बघतील. हा भावच आहे ना? फक्त कमळाचा नाही, त्याचा स्वतःचा आहे.

अभिषेकींची कमाल ही की एकाच पदाच्या दोन चालींत त्यांनी दोन माणसं उभी केली. संवाद नसते तरी कळलं असतं कोण कसा आहे ते.

खरं सांगा, तुम्हाला खाँसाहेब आवडतात की वसंतराव?

पकडलंत. वसंतराव.

पण ह्यात एक गंमत आहे ती सांगते. वसंतरावांचा जन्म १९२० चा, म्हणजे ‘कट्यार’ आलं तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे. त्याआधी कितीतरी वर्षं पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी, गाणं बाजूला चालू, आणि जाणकार मंडळी विचारायची की ह्यांचं घराणं कोणतं, कारण ते एका घराण्यात बसत नव्हते. बाजूला ठेवल्या गेलेल्या माणसाचं काम बाजूला ठेवल्या गेलेल्या माणसाकडे आलं. ‘या भवनातील गीत पुराणे’ म्हणत ते हवेलीत शिरतात तेव्हा त्यातला जोर नुसता खाँसाहेबाचा नाही असं मला नेहमी वाटतं, अर्थात हे माझं वाटणं आहे, पुरावा मागू नका.

आणि गोव्याच्या माणसाला तर हे जास्तच लागतं, कारण अभिषेकी मंगेशीचे, आणि वसंतरावांच्या गळ्यावर छाप कुणाची तर दीनानाथ मंगेशकरांची, तेही मंगेशीचेच. दीनानाथ १९०० ते १९४२, म्हणजे एक्केचाळीस वर्षांचं आयुष्य. १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी काढली, काय वैभव बघितलं, मग बोलपट आले, नाटक कंपन्या बसल्या, सिनेमात हात घातला तो पोळला आणि शेवटची वर्षं वाईट गेली. पणजीच्या कला अकादमीतलं मोठं थिएटर त्यांच्या नावाने आहे. तिथे वातानुकूलित खुर्चीत बसून ‘कट्यार’ बघताना मला दर वेळी त्यांची आठवण होते. बाजूला पडलेल्या अभिमानी गवयाची गोष्ट मंगेशीच्या माणसाने चाली लावून सांगितली, ती बघायला आपण मंगेशीच्या दुसऱ्या माणसाच्या नावाच्या थिएटरात बसलोय.

नाटक बघू की सिनेमा?

दोन्ही. सिनेमा २०१५ चा, सुबोध भावेंचा, त्यात सचिन पिळगांवकर खाँसाहेब आणि त्यांना गळा वसंतरावांच्या नातवाचा, राहुल देशपांडेंचा. पंडितजी शंकर महादेवन. सिनेमात खाँसाहेब जास्त काळा रंगवलाय असं आमच्या ग्रुपमध्ये बहुमत आहे, डोळे मोठे करणं वगैरे जास्त आहे, मला तेवढं खटकलं नाही. गाण्यांसाठी दोन-तीनदा बघितला.

मुसलमान आहे म्हणून त्याला व्हिलन केला, असं कुणीतरी म्हणत होतं.

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. सिनेमात एका बाजूला भजन आणि दुसऱ्या बाजूला कव्वाली असं मांडलं की प्रेक्षक आपसूक रांगा करतो, ते होतं. नाटक वाचताना मला भांडण दोन गायक्यांचं जास्त वाटलं. आणि ज्याला व्हिलन करायचं असतं त्याला कोणी ‘सुरत पिया की’ देत नाही हो. नाटकातला सगळ्यात उंच सूर त्याच्याकडे आहे.

इंग्लिश ‘फँटम ऑफ द ऑपेरा’मधली कार्लोटा पण अशीच ना? गर्विष्ठ गायिका, बाजूला सारलेली?

माझ्या भाचीने हा प्रश्न विचारला आणि मला लॅपटॉपवर ते बघायला बसवलं, आणि तेव्हापासून माझी खाँसाहेबाबद्दलची मतं थोडी हललीत, म्हणून हे जरा सविस्तर.

लंडनमध्ये १९८६ पासून चालू असलेलं म्युझिकल, मूळ फ्रेंच कादंबरी १९१० ची. पॅरिसच्या ऑपेरातली ही कार्लोटा मुख्य गायिका आहे. नखरे आहेत, आरडाओरडा आहे, मॅनेजर लोकांना नाचवते. ऑपेराच्या तळघरात राहणाऱ्या फँटमला त्याची लाडकी क्रिस्टीन पुढे आणायचीय, मग तो आधी पडदा पाडतो, धमकीची पत्रं पाठवतो, आणि शेवटी भर प्रयोगात कार्लोटाच्या गळ्यातून बेडकासारखं डरांव काढतो. थिएटर हसतं. मी पण हसले. आणि मग एकदम लक्षात आलं की थांब, हा तर शेंदूरच झाला की! पंडितजींचा आवाज गेला तेव्हा आपण रुमाल काढला आणि कार्लोटाचा गेला तेव्हा टाळ्या दिल्या.

का? तिने कुणाचं काय वाकडं केलं होतं? मोठ्याने बोलते, स्वतःचं कौतुक करते, एवढाच गुन्हा. वर्षानुवर्षं ते थिएटर तिच्या नावावर तिकिटं विकत होतं. पुढे तिच्याबरोबर गाणारा तिचा जोडीदारसुद्धा फँटमच्या हातून मरतो, ती रडते, आणि तोवर गोष्ट धावत पुढे गेलेली असते, कुणाला वेळ नाही. खून करणाऱ्यासाठी मात्र शेवटी सगळे हुंदके देतात.

माझं उत्तर असं, की गर्वाचा काही संबंध नाही, चाल कुणाला मिळाली ते बघा. खाँसाहेबाला अभिषेकींनी काळीज कापणारी पदं दिली म्हणून त्याचा गर्व आपल्याला दुःख वाटतो. कार्लोटाच्या वाट्याला हसं करायचं गाणं आलं, तिचा गर्व आपल्याला थिल्लर वाटतो. खाँसाहेबाची पदं काढून घ्या आणि नुसते संवाद वाचा, आम्ही एकदा वाचून बघितले, अर्ध्या लोकांनी पक्ष बदलला. म्हणून कार्लोटाला माझ्याकडून जास्त सहानुभूती, खाँसाहेबापेक्षाही जास्त, तिने कुणावर कट्यार उगारलेली नाही.

म्हणजे बाईचा गर्व आणि पुरुषाचा गर्व वेगळा मोजतात, असं म्हणायचंय का?

हो, आणि गोव्यात बसून हे म्हणायला मला लंडनपर्यंत जायची गरज नाही. आमच्या गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर. १८९२ ते १९७७. त्या काळचे मोठे गवई अल्लादिया खाँसाहेब (हे खरे, नाटकातले नव्हेत), त्यांच्याकडे वर्षानुवर्षं तालीम घेतली, त्यांच्या तोलाचं गाणारं कोण होतं तेव्हा? १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात जी सोन्याची तबकडी पाठवली त्यात त्यांची भैरवी आहे. पण त्यांचं नाव काढा, आधी काय ऐकायला मिळतं तर किती तापट, किती घमेंडी, शिकवायच्याच नाहीत कुणाला. एखादा उस्ताद असंच वागला तर आपण म्हणतो खानदानी मिजास आहे, विद्या जपतात.

दुसऱ्या मोगूबाई कुर्डीकर. लहानपणी नाटक कंपनीत, मग अल्लादिया खाँसाहेबांची तालीम सुरू झाली आणि तुटली, मध्ये त्यांचे भाऊ हैदर खाँ यांच्याकडे शिकल्या, परत पहिल्या गुरूंकडे आल्या. बाजूला सारलं जाणं म्हणजे काय ते त्यांना विचारायचं होतं. त्यांचं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं, मे महिन्यात पाणी उतरलं की देऊळ-बिऊळ वर येतं आणि जुने गावकरी भेटायला जातात. विश्रामपूरच्या स्पर्धेत अशा बायकांना कुणी उभं केलं असतं का, हा प्रश्न मला खाँसाहेबाच्या हरण्यापेक्षा जास्त छळतो.

सदाशिवाने विद्या चोरली. मग खाँसाहेब चिडला तर काय चुकलं?

चिडण्यात काहीच चूक नाही, कट्यार उपसण्यात आहे. एका घराण्याची बंदिश म्हणजे त्या काळी घरातलं सोनं, लग्नात मुलीला देतात तसं. नोकर म्हणून घरात घेतलेला पोरगा ते रोज थोडं थोडं उचलतोय हे कळल्यावर कुणाचंही डोकं फिरेल. पण जरा उलटं बघा, त्याच्या गाण्याला सगळ्यात चांगला श्रोता कोण मिळाला? राजा नाही. तो झाडू मारणारा पोरगा.

आणि पंडितजी? त्यांच्याबद्दल काहीच बोलत नाही तुम्ही.

चांगले आहेत. चांगल्या माणसांबद्दल काय बोलायचं? बरं, एक बोलते. दर वर्षी जिंकताना समोरच्याचं काय होतंय ते त्यांना दिसत असणार, आणि तरी ते दर वर्षी उतरत राहिले. आमच्या ग्रुपमधले एक रिटायर्ड मास्तर ह्या वाक्यावर माझ्याशी पंधरा दिवस बोलले नव्हते, त्यामुळे इथेच थांबते.

तुमचे मामा परत गायले का?

गेल्या पावसात एकदा आले आमच्याकडे, म्हणजे मीच गाडीत घालून आणलं, नुसता ऐकायला येतो म्हणाले. मांडी घालून बसले, चहा नको म्हणाले. वाचन झाल्यावर कुणीतरी म्हटलं मामा एक ‘रवि मी’ होऊन जाऊ दे, तर आधी नको नको, गळा बसलाय, मग नेहमीसारखं समोर भिंतीकडे बघून “काळी चार”. आमचा पेटीवाला जुना, त्याने मान हलवली आणि काही न बोलता काळी दोन दिली. मामांनी एकदा वळून त्याच्याकडे बघितलं. मग गायले. पूर्ण गायले, मधली एक तान सोडून दिली ती सोडून.

दुसऱ्या दिवशी गावात सगळ्यांना सांगत होते की त्या लोकांची पेटी उतरलेली आहे, कुणाला कानच नाही.